अण्णाची जांभळी माती

अण्णा,

तुझ्या तेराव्याला माझ्या शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुमचे भाऊ शास्त्रज्ञ होते ना हो?" मी हो म्हणाले. मग नाही म्हणाले. मग खाली बघून ताटातली खीर संपवत बसले. त्यांना वाटलं असेल, दुःखानं हिचं डोकं ठिकाणावर नाही. खरं म्हणजे मला उत्तरच ठरवता येईना. देवासला रंगाच्या कारखान्यात सांडपाण्याच्या टाकीवर तू तरुणपणाची सगळी वर्षं काढलीस. मी धारच्या कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. म्हणजे लोकांच्या मते शास्त्रज्ञ मी. पण जगात कुणालाच ठाऊक नसलेल्या एका जिवाची चाहूल आपल्या दोघांत आधी कुणाला लागली, हे मला ठाऊक आहे. आणि त्या वेळी मी तुझ्याशी कशी वागले, हेही.

निवृत्त झाल्यावर रोज सकाळी तू त्या बंद पडलेल्या कारखान्यामागच्या माळावरून चक्कर मारायचास. तिथं अंगणाएवढ्या जागेतली माती जांभळी होती. पांढऱ्या सदऱ्यावर जांभळाचा डाग पडावा तशी, पार आतवर मुरलेली. पूर्वी कधीतरी रंगाचा गाळ तिथं ओतला गेला होता, एवढंच मी ऐकून होते. तिथं गवत उगवत नव्हतं. बकऱ्या वळसा घालून जायच्या. एके दिवशी तुझा फोन आला.

"कुंदे, ती जांभळी माती फिकी पडून राहिली आहे."

"पावसानं धुतली असेल."

"पावसानं धुतली तर रंग उताराकडे जाईल ना? ही वरच्या अंगाला फिकी पडतेय. सोचने वाली बात आहे."

"मग उन्हानं उडाला असेल."

"ऊन तर सगळ्या मातीवर सारखंच पडतं, भिया." इकडच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ, पण वाद घालताना तू बहिणीलाही भिया म्हणायचास.

माझ्यासमोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. फोन ठेवायची घाई होती. मी म्हणाले, "हे बघ, मातीत जिवंत काही असेल तर उकडल्यावर ते मरेल. थोडी माती उकडून ठेव, थोडी तशीच ठेव. कुठली फिकी पडते ते बघ आणि मग सांग." हे मी तुला टाळायला म्हणाले होते, अण्णा. तू मात्र नंतर भेटेल त्याला सांगत सुटलास, "आमच्या कुंदाची आयडिया." त्या त्या वेळी मी खाली बघत होते. आयडिया नव्हती ती. फोन ठेवण्याचा बहाणा होता.

आठवड्यानं वहिनींचा फोन. "वन्सं, तुम्ही ह्यांना काय सांगितलंत? माझा कुकर मातीला लावलाय. आज तिसरा दिवस."

"तीन दिवस कशाला?"

त्यांनी फोन तुझ्याकडे दिला. तू म्हणालास, "वरण उकळून ठेवलं तरी दुसऱ्या दिवशी आंबतंच ना? म्हणजे उकळल्यावरही आत कोणीतरी निजून राहतं. ते उठेल तेव्हा परत उकडायचं. म्हणून तीनदा."

मी पहिल्या वर्षाच्या मुलांना हे फळ्यावर आकृती काढून शिकवते. उष्णतेनं न मरणारी बीजं दुसऱ्या दिवशी रुजतात, आणि रुजली की मऊ पडतात, तेव्हा त्यांना पुन्हा तापवायचं. पुस्तकात या पद्धतीला मोठं नाव आहे. तुला ती वरणाच्या भांड्यानं सांगितली. मी तेव्हाही तुला शाबास म्हणाले नाही. "कुकर आता स्वयंपाकाला वापरू नका," एवढंच म्हणाले.

मग बरेच महिने तू त्याविषयी काही बोलला नाहीस, आणि मी विचारलं नाही.

भाऊबीजेला आले. ओवाळून झालं, आणि ताट खाली ठेवायच्या आधीच तू मला मागच्या गॅलरीत नेलंस. सावलीच्या कोपऱ्यात खोक्यात दोन काचेच्या बरण्या होत्या, चहापत्तीच्या. दोन्हींत सारखी माती, दोन्हींत उकळून गार केलेलं सारखंच पाणी, दोन्हींची झाकणं घट्ट. चिकटपट्टीवर तुझ्या अक्षरात लिहिलं होतं. एकीवर 'उकडली'. दुसरीवर 'नाही उकडली'.

उकडलेली माती पहिल्या दिवसासारखीच जांभळी होती. दुसऱ्या बरणीतली राखाडी झाली होती. शेतातल्या काळ्या मातीसारखी नाही, चुलीतल्या राखेसारखी. जांभळ्याची बोटभर कड काय ती शिल्लक होती. मी दोन्ही बरण्या उजेडात धरल्या. हात बदलून धरल्या. पट्ट्यांवरचं पुन्हा वाचलं. माझ्या अंगावर काटा आला होता आणि तो तुला दिसू नये असं वाटत होतं.

"आता?" तू विचारलंस.

"आत कुणीतरी आहे," मी म्हणाले.

तू लगेच पकडलंस. "कुणीतरी म्हणालीस. काहीतरी नाही."

'नाही उकडली'ची बरणी मांडीवर घेऊन मी देवासहून इंदूर आणि इंदूरहून धार असा बसनं प्रवास केला. शेजारच्या माणसानं विचारलं, लोणचं आहे का. मी हो म्हणाले.

प्रयोगशाळेत आम्ही त्या मातीचा एक कण पाण्यात कालवला, पुन्हा पुन्हा विरळ केला आणि आगरच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीच्या, ताटल्यांवर पसरला. त्या आगरमध्ये तोच जांभळा रंग घातला होता. जगायचं तर तोच खा, दुसरं काही मिळणार नाही, अशी अट. बऱ्याच दिवसांत काही आलं नाही. मी ताटल्या टाकून द्यायच्या बेतात होते. मग एका सकाळी एका ताटलीत टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला, आणि त्याच्याभोवती पारदर्शक वर्तुळ. जांभळ्या ताटलीत स्वच्छ खिडकी पडावी तसं. मी ताटली पुस्तकावर धरली तर त्या वर्तुळातून खालची अक्षरं वाचता येत होती.

तुला फोन केला. तू पहिल्या बसनं धारला आलास. सूक्ष्मदर्शकावर वाकलास, चष्मा काढलास, परत लावलास, परत काढलास. मग अगदी हळू आवाजात म्हणालास, "हे हलतायत, कुंदे."

"हो."

"आणि रंग खातायत?"

"खातायत असं म्हणू या. तोडतायत."

तू बराच वेळ डोळा काढला नाहीस. मग विचारलंस, "हा रंग माणसानं बनवला. कारखान्यात बनायच्या आधी तो जगात कुठं नव्हताच ना? मग यांना तो तोडायला कुणी शिकवलं?"

मला उत्तर येत होतं. पिढ्या, चुका, चुकांमधून एखादीच कामाला येणारी, अर्ध्या तासात एकाचे दोन. मी सांगायला सुरुवातही केली. पण तू डोळा न हलवता "हां, हां" म्हणत राहिलास आणि माझे शब्द मलाच हलके वाटायला लागले. इतकी वर्षं मी हे शिकवत होते, आणि त्याचं आश्चर्य वाटायचं मात्र राहून गेलं होतं. जिथं गवत यायला धजत नव्हतं तिथं हे जन्मले, मेले, चुकले, आणि एकाला त्या विषाची गाठ सोडवता आली. कुणी बघत नव्हतं. कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तुझ्या शेजारी उभी राहून मी ते पहिल्यांदा पाहिलं.

चहा पिताना मी तुला आवर घातला. रंग गेला म्हणजे विष गेलं असं नाही, मी म्हणाले. रंग तुटल्यावर जे तुकडे पडतात ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण काही वेळा रंगापेक्षा वाईट असतात. नंतरच्या तपासण्यांत तसंच निघालं. काही तुकडेही तो जीव संपवत होता, काही तसेच राहत होते.

"म्हणजे अर्धंच काम," तू म्हणालास.

"अर्ध्याहून कमी."

"असू दे. त्यांच्यावर कुठं जिम्मेदारी होती?"

त्या वेळी मला या वाक्यात काही विशेष वाटलं नाही.

हा जीव कोण, हे ठरवायला वर्षं गेली. आपल्याकडं लग्नात म्हातारी माणसं परक्या माणसाला गाठून विचारतात ना, तुम्ही कुठले, कुणाचे, मामा कोण, आणि पाच मिनिटांत नातं काढतात, तसंच हे काम, फक्त फार लांबलेलं. त्याच्या एका जनुकाची अक्षरं पुण्याहून वाचून आणली. जवळात जवळचा नातेवाईक निघाला तो कुठल्यातरी परदेशातल्या समुद्राच्या चिखलातला, आणि तोही चुलत-चुलत. मग त्याची सगळीच्या सगळी अक्षरं वाचून घेतली. नातेवाइकांचे जिवंत नमुने मागवले, सगळ्यांना एकाच वेळी शेजारी शेजारी वाढवलं. मीठ किती सोसतो, किती उष्णतेला थांबतो, कुठली साखर खातो, अंगावरची चरबी कुठल्या जातीची. प्रत्येक वेळी उत्तर एकच, हा तो नव्हे. दर रविवारी तुझा फोन यायचा.

"कुणाचा निघाला?"

"अजून कुणाचाच नाही."

एका रविवारी मीच फोन केला. "अण्णा, पक्कं झालं. तो कुणाचाच नाही. नवी जात आहे."

तू मग म्हणालास, "थांब, पाणी पिऊन येतो." आणि खरंच फोन तसाच ठेवून गेलास. मला माठावरच्या झाकणाचा आवाज ऐकू आला. आपल्या घरातल्या कुणी देव पाहिला असता तर तो असाच पाणी प्यायला गेला असता, असं मला वाटलं.

नव्या जातीला नाव द्यावं लागतं. शोधणाऱ्यानं स्वतःचं नाव देऊ नये असा संकेत आहे, पण दुसऱ्याचं देता येतं. मी ठरवून टाकलं होतं. यशवंत हे तुझं नाव घेऊन त्याला लॅटिन शेपूट लावलं, आणि देवासला तुझ्या गॅलरीत बसून मोठ्या तोऱ्यात सांगितलं. वहिनी पोहे घेऊन आल्या होत्या. तू बशी हातात घेतलीस आणि तशीच धरून बसलास.

"बिलकुल नाही," म्हणालास.

मला वाटलं, संकोच. मी हसत म्हणाले, "का पण? तू नसतास तर..."

"मी नसतो तर माती जांभळीच झाली नसती."

मग तू सांगितलंस. वहिनी दारातच उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनाही ते नवीन होतं. टाक्या भरल्या होत्या, गाळ न्यायला गाडी येत नव्हती, वरून हुकूम आला की मागच्या माळावर टाका. तू ट्रॅक्टरला ट्रॉली जोडलीस आणि गाळ तिथं ओतलास. दुपारी जेवणाच्या सुट्टीत, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत. एकदा नाही, दोन पावसाळ्यांच्या मधला सगळा काळ. उताराच्या टोकाला भागीरथजी नावाच्या माणसाची विहीर होती. पाण्याला गुलाबी झाक आली तेव्हा तो फाटकावर आला आणि त्यानं तुला विचारलं, "भिया, पाणी के कंई हुइग्यो?" पाण्याला काय झालं? तू त्याला सांगितलंस की पाइपाचा गंज असेल, दोन दिवसांत जाईल.

"हुकूम त्यांचा होता, कुंदे. पण गंज मी म्हणालो."

पुढं त्या लोकांनी विहीर सोडली, मग जमीन विकली, आणि ते उदयनगरकडं कुठंतरी निघून गेले. कारखाना बंद पडला. तू दुसऱ्या नोकरीला लागलास, निवृत्त झालास, आणि त्याच माळावर सकाळी फिरायला जायला लागलास. म्हणून तुला फिकी कड दिसली. आमच्यासारखी माणसं तिकडं बघतच नव्हती. तू मात्र ती माती कडेकडेनं, इंचाइंचानं ओळखत होतास.

"नाव नको," तू म्हणालास. "पण लिहिणार आहेस तर ते लिही. कुणी टाकलं ते."

मी नाव आपल्या माळव्यावरून दिलं. बाकीचं लिहिलं नाही.

शोधनिबंध छापून आला तेव्हा मी तो तुला मराठीत अर्थ सांगत वाचून दाखवला. माती कुठली, या ओळीपाशी तू हात वर केलास. मी लिहिलं होतं, बंद पडलेल्या एका औद्योगिक जागेतली प्रदूषित माती.

"टाकली कुणी?"

"असं कुणी लिहीत नाही, अण्णा. शास्त्रात जागा सांगतात, माणसं सांगत नाहीत."

"म्हणजे माती आपोआप जांभळी झाली?"

"तुला त्रास होईल. तुझ्या मुलीचं सासर आहे, लोक काय..."

"मला त्रास झालेला आहे," तू म्हणालास. चिडून नाही. मग विषय बदलून विचारलंस की धारला थंडी पडली का.

आपला हा वाद तिथंच राहिला. मी मनात म्हणत राहिले की मी तुला वाचवते आहे. आता तू नाहीस, तर कबूल करते, मी स्वतःलाही वाचवत होते. नव्या जिवाच्या शोधाची गोष्ट सुंदर होती. भावानं विष ओतलं आणि बहिणीनं त्यावर निबंध लिहिला, ही तितकी सुंदर नव्हती.

तेराव्यानंतर पाहुणे गेले. वहिनी आणि मी दोघीच होतो. त्या म्हणाल्या, "वन्सं, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. ह्यांनी सांगू नको म्हटलं होतं." तू उदयनगरला गेला होतास, अण्णा. दोनदा. पहिल्यांदा एकटा, बसनं, आणि काही पत्ता न लागता परत आलास. गेल्या वर्षी दुसऱ्यांदा वहिनींना घेऊन गेलास. बाजारात चार ठिकाणी विचारलंत. भागीरथजी सापडला. जंगलाच्या कडेला मुलाच्या घरी ओसरीवर बसलेला, डोळ्यांना कमी दिसणारा म्हातारा.

तू उभ्यानंच सांगितलंस म्हणे, की तो गंज नव्हता, तो रंग होता, मीच ओतला होता आणि मीच तुमच्याशी खोटं बोललो.

तो म्हणाला, "म्हारे तो उणी दन से मालम थो, भिया." त्या दिवसापासूनच माहीत होतं. फाटकावर तू त्याच्याशी बोलत होतास तेव्हा त्यानं खाली पाहिलं होतं. तुझे पाय घोट्यापर्यंत जांभळे होते.

वहिनी म्हणाल्या, तू तिथंच जमिनीवर बसलास. आतून चहा आला. म्हाताऱ्यानं माफ केलं असं काही म्हटलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच विचारलं की आता ती जमीन कशी आहे. मग तू सांगायला लागलास. बरण्या, कुकर, ताटलीतलं ते वर्तुळ, पुण्याहून आलेली अक्षरं, आणि रंग गेला तरी सगळं विष गेलेलं नाही, हेही. तासभर. तो पुन्हा पुन्हा विचारत होता, "आँख से नी दिखे? इत्तो छोटो?" आणि तू म्हणत होतास, नाही दिसत, पण आहे, मी स्वतः पाहिलंय. वहिनींना दोन म्हातारी माणसं बोटाच्या चिमटीत काहीच नसलेलं काहीतरी धरून बघतायत असं दिसलं. निघताना त्यानं तुला विहिरीवरच्या आंब्याचं विचारलं. तू म्हणालास, आंबा वाळला. त्यानं मान हलवली.

हे ऐकल्यावर मी धारला परत आले आणि दोन दिवस काही करू शकले नाही. एका सूक्ष्म जिवानं माझे डोळे विस्फारले होते ते खरं. पण इतक्या वर्षांनी बस पकडून एका माणसाच्या ओसरीवर जाणं तुला कुठून सुचलं, कुणी शिकवलं, याचं उत्तर माझ्या कुठल्याच पुस्तकात नाही. तुझ्या हयातीत मी तुला कधी मोठा म्हणाले नाही. मोठा भाऊ होतास, म्हणून ते बोलायची गरज वाटली नाही.

तिसऱ्या दिवशी मी पत्रं लिहिली. एक शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकाला आणि दोन त्या संग्रहालयांना, जिथं आपल्या जिवाचे नमुने गोठवून ठेवले आहेत, एक या देशात, एक परदेशात. मातीच्या माहितीत दुरुस्ती करायची आहे असं कळवलं. एका संग्रहालयाकडून प्रश्न आला, संबंधित व्यक्तीची यास संमती आहे का. मी लिहिलं, व्यक्ती आता हयात नाही. पण मागणी तिचीच होती, आणि इतके दिवस नकार माझा होता. खाली वहिनींनीही सही केली.

नियतकालिकाचं उत्तर यायचं आहे. आपल्याकडच्या संग्रहालयाचं काल आलं. नोंद बदलली आहे. मी ती छापून घेतली आणि बसनं देवासला जाऊन वहिनींना मराठीत वाचून दाखवली: रंगाच्या कारखान्याचा गाळ ज्या जागी ओतला गेला तिथली माती. गाळ वरिष्ठांच्या सांगण्यावरून ओतणारा कामगार: यशवंत. माती फिकी पडत असल्याचं प्रथम पाहणारा आणि उकडलेल्या मातीशी ताडून खात्री करणारा, तोच.

वहिनी ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "वन्सं, परत एकदा वाचा. सावकाश वाचा."